चेहरा, तारखा आणि गळा : ठाण्यातल्या एका कराराचं प्रकरण

वसुबारसेला अकरा दिवस उरले होते. ठाण्याच्या नौपाड्यात दिवाळी पहाटेचे फ्लेक्स लागले. गाणारी मुलगी एका मालिकेतली सून. तिचा फोटो तबलजीच्या चौपट मोठा, खाली मालिकेतल्या सुनेचं नाव ठळक आणि तिचं स्वतःचं नाव कंसात. संध्याकाळी सातला, कासारवडवलीच्या सेटवर तिसऱ्या सीनचं लायटिंग चालू असताना मालिकेच्या प्रॉडक्शनच्या ऑफिसातून मेसेज आला : 'करारातलं कलम ९ बघा. कार्यक्रमाला आमची लेखी परवानगी नाही. पोस्टर उतरवून घ्या.' तोवर आयोजकांकडून दहा हजार आगाऊ आले होते, दोन तालमी झाल्या होत्या आणि गाण्यांची यादी छपाईला गेली होती.

ही मुलगी कोणी एक नव्हे. ठाण्यात मॉडेलिंगपासून सुरुवात करून मालिकेत आणि तिथून गाण्यात जाणाऱ्या मुलींच्या वाट्याला जे पुन्हा पुन्हा येतं, ते एकीच्या नावावर रचून हे प्रकरण उभं केलं आहे. रुपयांचे आकडेही या मांडणीपुरतेच. कायद्याचे आणि कराचे नियम मात्र जसे आहेत तसे दिले आहेत.

बाहेरून बघणाऱ्याला ही एकच चढती वाट दिसते : आधी फोटो, मग सीन, मग गाणं. व्यवहारात हे तीन वेगळे धंदे आहेत आणि तिघांची मापंही वेगळी. मॉडेलिंगमध्ये चेहऱ्याचा वापर विकला जातो, मालिकेत तारखा विकल्या जातात आणि गाण्यात विकला जातो ध्वनिमुद्रणावरचा हक्क. तिच्या हातात मात्र प्रत्येक वेळी एकाच प्रकारचा कागद आला, 'मानधन अमुक' असं लिहिलेला.

चेहरा

एकविसाव्या वर्षी गोखले रोडवरच्या एका साडीच्या दुकानाचा कॅटलॉग मिळाला. एका दिवसाचे ८,००० रुपये, साड्या २८. कुर्त्यांच्या कॅटलॉगला दिवसाला साठ-सत्तर नग होतात, साडीला तेवढे होत नाहीत, कारण एक साडी नेसवायला आठ-दहा मिनिटं जातात. त्यानंतर फोटो पाच : समोरून पूर्ण, पाठमोरी, पदर पसरून, काठाचा जवळून, आणि एक बसलेली. साडीमागे अठरा मिनिटं धरली तर २८ साड्यांचे साधारण साडेआठ तास होतात, मेकअप वेगळा.

या कामातलं कौशल्य कॅमेऱ्यासमोर थोडं आणि पडद्यामागे जास्त असतं. पैठणीच्या पदराला जरीत पिन टोचली की धागा ओढला जातो आणि साडी विकण्यालायक राहत नाही. म्हणून पिन काठाच्या आतल्या बाजूने, खाली कापडाचा तुकडा ठेवून लावायची. ब्लाउज कधीच मापाचा नसतो. पाठीमागे तीन-चार क्लिपा लावून तो आवळतात, म्हणून पाठमोरा फोटो सगळ्यात शेवटी, वेगळ्या ब्लाउजवर. मॉडेलने शिकायचं ते एवढंच की फ्लॅश उडण्याच्या क्षणी हनुवटी, खांदा आणि पदराचा हात जिथे आहेत तिथे थांबले पाहिजेत. ती हे फार लवकर शिकली, आणि पुढे याच सवयीने तिला सेटवर नडवलं.

कागदावर लिहिलं होतं : 'फोटोशूट मानधन ८,०००/-'. बस्स. कॉपीराइट कायद्याच्या १७व्या कलमानुसार, वेगळं ठरलं नसेल तर, पैसे देऊन काढवून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढवून घेणारा असतो, म्हणजे इथे दुकान. फोटो वेबसाइटवर गेला, तीन हात नाक्याजवळच्या होर्डिंगवर गेला, दुसऱ्या शाखेच्या काचेवर चिकटला. तीन वर्षं झाली तरी तो तिथेच होता आणि तिला त्याचा एक रुपयाही जास्त मिळाला नाही. यात दुकानाने बेकायदा असं काही केलं नाही. चूक कागदाची होती. त्यावर चार गोष्टी हव्या होत्या : माध्यम कोणतं, कुठल्या भागात, किती महिने, आणि मुदतीनंतर वापरायचा झाला तर दर काय. पाचवी गोष्ट नवख्या मुलीला सुचत नाही, पण तीच सगळ्यात महागात जाते : फोटोसोबत तिचं नाव किंवा पुढे मिळणारी ओळख वापरायची नाही. मालिका चालू लागल्यावर दुकानाने त्याच जुन्या फोटोवर 'तुमची लाडकी सून' असं लिहून टाकलं. मालिकेचा साड्यांचा पुरवठादार दुसरा होता. त्याची तक्रार प्रॉडक्शनकडे आली आणि प्रॉडक्शनची तिच्याकडे.

तारखा

मालिकेची निवड तशी सरळ झाली. ऑडिशनला आधी इंट्रो : नाव, उंची, डावीकडून चेहरा, उजवीकडून, दोन्ही हात पुढे-मागे, सध्या दुसरं काम चालू आहे का. मग दोन पानांचा सीन. दुसऱ्या फेरीत लुक टेस्ट, तिसऱ्यात नायकाबरोबर मॉक शूट. चेहरा वाहिनीला पहिल्याच फेरीत पटला होता.

सेटवर पहिला आठवडा वाईट गेला. मॉडेल क्षण धरून ठेवते. नटाला त्या क्षणातून पुढे जावं लागतं. ही मुलगी प्रत्येक वाक्याच्या शेवटी अर्धा सेकंद थांबायची, जणू आता फ्लॅश उडणार आहे. एडिटला ते थांबणं कापता येत नाही, कारण समोरच्याचं वाक्य त्यावर चढलेलं असतं. दुसरा घोळ कंटिन्युइटीचा, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळण्याचा. मास्टर शॉटमध्ये, म्हणजे सगळा सीन लांबून घेताना, तिने चहाचा कप उजव्या हातात घेतला, 'आई, मी बोलते त्यांच्याशी' म्हणताना तो ठेवला. जवळून क्लोज लागला तेव्हा कप डाव्या हातात. सहाय्यक दिग्दर्शकाने विचारलं, 'ताई, कप कुठल्या हातात होता?' तिला आठवेना, कारण तिचं सगळं लक्ष चेहऱ्याचा कोन बरोबर आहे का यावर. यावर उपाय एकच आहे आणि जुने नट तो न सांगता पाळतात : हाताची प्रत्येक हालचाल एका शब्दाला बांधायची. कप 'बोलते' या शब्दावर खाली. मग वीस वेळा घेतलं तरी तो तिथेच जातो.

तिसरी अडचण आवाजाची. कॉलर माइक ब्लाउजच्या आत किंवा मंगळसूत्राच्या वाटीमागे सर्जिकल टेपने बसवतात. सिल्कची साडी त्यावर घासली की सरसर ऐकू येते, आणि काचेच्या बांगड्या तर संवादाच्या वर वाजतात. साउंडवाले दादा दोन बांगड्यांमध्ये पारदर्शक टेपचा वेढा देतात. कॅमेऱ्यात दिसत नाही, वाजत नाही. तिच्या कपाळाला आठी पडायची ती या गोष्टींमुळे, अभिनयामुळे नव्हे.

आता करार. तो १४ पानी, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर (महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचाच लागतो), इंग्रजीत. तिने आणि तिच्या बाबांनी दर, मुदत आणि सही एवढंच पाहिलं. दर दिवसाला ६,००० रुपये, बारा तासांची शिफ्ट, 'महिन्याला २० दिवसांची हमी'. हमी या शब्दापुढे लिहिलेलं 'तिमाही सरासरीने' दोघांच्याही नजरेतून सुटलं. जूनमध्ये ती २६ दिवस गेली, जुलैमध्ये २५. ऑगस्टमध्ये कथानक दुसऱ्या जावेकडे वळलं आणि तिचे फक्त नऊ दिवस लागले. घरी हिशेब असा की नऊ दिवस काम झालं तरी वीस दिवसांचे १,२०,००० येणार. २६ अधिक २५ अधिक ९ म्हणजे नेमके ६०. सरासरी वीस भरली, प्रॉडक्शनचं देणं नऊच दिवसांचं, ५४,०००.

पैसे हातात येण्याचं वेळापत्रक त्याहून अवघड. बिल महिनाअखेरीस, त्यानंतर ९० दिवस. जूनचं काम, सप्टेंबरअखेर चेक. १,५६,००० पैकी १० टक्के टीडीएस म्हणजे १५,६०० कापले गेले, काम मिळवून देणाऱ्या को-ऑर्डिनेटरचे २० टक्के म्हणजे ३१,२०० गेले, हाती १,०९,२००. टीडीएस बुडत नाही. आयकर खात्याच्या कर-विवरणात (२६एएस) तो आपल्या पॅनवर चढला आहे ना हे बघायचं आणि विवरणपत्रात वजा करायचा. को-ऑर्डिनेटरकडून मात्र बिल मागून घ्यायला हवं, नाहीतर तो खर्च दाखवता येत नाही. जून ते सप्टेंबर असे चार महिने तिचा चेहरा रोज रात्री घराघरांत दिसत होता आणि तिच्या खात्यात मालिकेचा एकही रुपया नव्हता. माजिवड्यापासून पुढे घोडबंदरचा ट्रॅफिक, म्हणून सकाळी पावणेसातची रिक्षा, तीही घरच्या पैशातून. एरवी या काळात मॉडेल कॅटलॉग करून भागवते. तिला तेही बंद होतं, आणि इथेच नववं कलम येतं.

'कलाकार करारकाळात निर्मात्याच्या लेखी पूर्वपरवानगीशिवाय इतर कोणत्याही मालिकेत, जाहिरातीत, डिजिटल माध्यमात काम करणार नाही अथवा कोणतेही सार्वजनिक सादरीकरण करणार नाही', असा त्याचा अर्थ. पहिला भाग रास्त आहे. एकच सून दोन वाहिन्यांवर दिसली तर निर्मात्याचं नुकसान होतं. शेवटचा, सार्वजनिक सादरीकरणाचा भाग नमुन्याच्या कागदातून तसाच उतरलेला. नटीने दहीहंडीच्या व्यासपीठावर सुपारी घेऊन जाऊ नये म्हणून लिहिलेलं ते वाक्य गाणाऱ्या मुलीच्या गळ्यावर बसलं. करार चालू असतानाचं असं बंधन न्यायालयं साधारणपणे मान्य करतात. याच करारात मालिका संपल्यावर आणखी सहा महिने दुसरीकडे काम न करण्याची अट होती. ती भारतीय करार कायद्याच्या २७व्या कलमापुढे टिकणं कठीण. पण हे कळायला वकील लागतो, आणि सही करताना कोणी वकील बोलावत नाही.

कराराने कलाकाराला बांधून ठेवण्याचं हे प्रकरण मराठीला नवं नाही. शांता आपटे गाणारी नटी होत्या. १९३९ साली पुण्यात प्रभात फिल्म कंपनीच्या फाटकाशी त्यांनी उपोषण केलं ते कंपनीबरोबरच्या वादातूनच, आणि पुढच्याच वर्षी सिनेमाच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्यांसाठी मराठीत पुस्तक लिहिलं. तेव्हा निदान दारात बसण्यासाठी फाटक तरी होतं.

गळा

गाणं तिचं सगळ्यात जुनं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा तिने शाळेपासून दिल्या : प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण. विशारद राहून गेलं, कारण तेव्हा पहिलं होर्डिंग लागलं होतं. मंडळाचं वाशीचं केंद्र तिला ठाण्याहून ट्रान्स-हार्बरने एका गाडीत गाठता येत असे. ती गाडी सुटली ती सुटलीच.

मालिकेत तिच्या गळ्याचा उपयोग योगायोगाने झाला. एका सीनमध्ये तिने जात्यावरची ओवी दोन ओळी म्हटली, वाहिनीने ती मागे तानपुरा आणि स्वरमंडल घालून क्लिप म्हणून सोडली, आणि ती पुष्कळ फिरली. तिने तीच ओवी, तोच मागचा साज वापरून, आपल्या यूट्यूब चॅनलवर टाकली. दुसऱ्या दिवशी कॉपीराइटचा दावा आला, जाहिरातीचं उत्पन्न वाहिनीकडे वळलं. घरच्यांचा संताप समजण्यासारखा होता : आवाज पोरीचा, ओवी आजीची, मग मालक कोण?

इथे तीन थर सुटे करून पाहावे लागतात. ओवी पारंपरिक आहे, तिच्यावर कोणाचाच हक्क नाही. ती कोणीही गावी. ध्वनिमुद्रणाचा हक्क ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचा, प्रसिद्धीनंतर ६० वर्षं. आणि तिच्या सादरीकरणाचा हक्क तिचा, ५० वर्षं. पण चित्रीकरणात ते सादरीकरण घालायला लेखी संमती दिली की त्या चित्रीकरणापुरतं तिला अडवता येत नाही. कॉपीराइट कायद्यातल्या २०१२ च्या दुरुस्तीने व्यावसायिक वापराच्या रॉयल्टीचा तिचा अधिकार मात्र शाबूत ठेवला. यूट्यूबची यंत्रणा यातलं काही बघत नाही. तिला दोन आवाजांच्या नोंदी जुळताना दिसतात, आणि नोंद आधी वाहिनीने दिली होती. दाव्याला आव्हान देऊन उपयोग नव्हता, कारण मागचा साज खरोखर वाहिनीचाच. तिने ओवी नव्याने, फक्त टाळ आणि स्वतःच्या तानपुऱ्यावर गाऊन, स्वतःच्या नावाने वेगळा आयएसआरसी, म्हणजे ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक घेऊन सोडली. दावा आला नाही.

आणखी एक गैरसमज वारंवार दिसतो. आयपीआरएस ही रॉयल्टी गोळा करून वाटणारी संस्था गीतकार-संगीतकारांसाठी आहे. फक्त गाणाऱ्याला तिथून काही मिळत नाही. गायकांची तशीच संस्था इसरा, २०१३ पासूनची; आता तिचं नाव इसामरा. तिच्या को-ऑर्डिनेटरला हे ठाऊक नव्हतं, आणि त्याला दोष देण्यातही अर्थ नाही. त्याचा धंदा चेहऱ्याचा.

ते अकरा दिवस

पहिली प्रतिक्रिया भांडणाची होती. दुसऱ्या दिवशी दुपारी एका ओळखीच्या वकीलबाईंनी एक साधा प्रश्न विचारला : नकार गाण्याला आहे की फ्लेक्सला? प्रॉडक्शनच्या दादांना फोन केल्यावर निघालं ते असं. मालिकेचा प्रायोजक सराफ, आणि पहाटेचा प्रायोजकही सराफ, दुसरा. त्याचा लोगो तिच्या फोटोला चिकटून. वर सुनेचं नाव. पात्राचं नाव सहसा वाहिनीच्या मालकीचं असतं. आणि तिसरं, खरं कारण : दिवाळीच्या सुट्टीसाठी एपिसोडची बँक करायची, म्हणजे पुढचे भाग आधीच चित्रित करून ठेवायचे होते, त्या आठवड्यात एकही तारीख हातची घालवणं परवडणार नव्हतं. गाण्यावर कोणाचाच आक्षेप नव्हता.

त्यावरून परवानगीचा एक पानी मसुदा झाला. तारीख, ठिकाण, वेळ पहाटे साडेपाच ते आठ. पात्राचं नाव, मालिकेचं नाव, मालिकेतलं मंगळसूत्र किंवा साडी वापरणार नाही. सराफाचा लोगो तिच्या फोटोसोबत एका फ्लेक्सवर असणार नाही, व्यासपीठावर वेगळा बॅनर चालेल. कार्यक्रमाचं चित्रीकरण दुसऱ्या वाहिनीवर जाणार नाही. त्या दिवशीचा तिचा कॉल, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, नऊऐवजी अकरा, त्या बदल्यात आदल्या आठवड्यात दोन दिवस दोन-दोन तास जास्त, वेगळा मोबदला न घेता. ही शेवटची अट तिनेच घातली आणि तिच्यावरच काम झालं. सही चार दिवस आधी आली. दहा बाय आठचे चार फ्लेक्स पुन्हा छापावे लागले. ३२० चौरस फूट, वीस रुपयांनी ६,४००, तिच्या मानधनातून.

बँकेमुळे ते जास्तीचे दोन दिवस सरकत सरकत वसुबारसेच्या आदल्या रात्रीपर्यंत आले. शिफ्ट रात्री अकराला सुटली, झोप तीन तास. पहाटे पाचला, तंबोरा जुळवताना, काळी पाचमध्ये, म्हणजे हार्मोनियमच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून, तिचा वरच्या, तार सप्तकातला गंधार फुटत होता. दिवसभर रडण्याचे सीन केलेला गळा दिवाळीच्या गार हवेत वर जात नाही, हे तालमी संध्याकाळी ठेवल्यामुळे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. स्केल काळी चारवर उतरवली, म्हणजे दोन पट्ट्या खाली. हार्मोनियमवाल्यांना त्रास नव्हता. बासरीवाल्यांच्या पिशवीत त्या पट्टीची बासरी होती. अडला तबला : एवढं खाली उतरवलं की दाया, म्हणजे उजव्या हाताचा तबला, पोकळ बोलतो, नाद सुटतो. तबलजींनी गाडीतून मोठ्या तोंडाचा दुसरा दाया आणून जुळवेपर्यंत निवेदकाला वसुबारसेची माहिती पंधरा मिनिटं सांगावी लागली. दोन गाणी तयार ट्रॅकवर होती, काळी पाचमध्येच, ती गाळली. नऊऐवजी सात झाली, सातवी ती ओवी, टाळावर.

नवा करार पुढच्या तिमाहीत झाला. 'तिमाही सरासरीने' सहज निघालं नाही, पण हमी २० वरून १६ करून ती दर महिन्याची करून घेतली; तिच्या दृष्टीने हे जास्त बरं, कारण भाड्याची तारीख सरासरीने येत नाही. नवव्या कलमात एक वाक्य वाढलं : महिन्यात दोन गाण्याचे कार्यक्रम, सात दिवस आधी कळवून, पात्राची ओळख न वापरता. स्वतःच्या गाण्यांची ध्वनिमुद्रणं कलमाबाहेर. सहा महिन्यांची अट तशीच राहिली. ९० दिवसही तसेच. साडीच्या दुकानाने 'लाडकी सून' पुसलं, फोटो ठेवला.

वसुबारसेच्या सकाळी सव्वाआठला, ती व्यासपीठामागे गजरा सोडत असतानाच, आयोजकांचे उरलेले पंधरा हजार यूपीआयने फोनवर वाजले. पावणेअकराला ती कासारवडवलीच्या मेकअप रूममध्ये होती. त्या दिवसाचे सहा हजार जानेवारीअखेरीस येतील.